ग्राहकांची यादी आणि फुकटची सेवा

ईमेल वार्तापत्राची सेवा तीन कामे करते. ग्राहकांचे पत्ते ती सांभाळते. एकच मजकूर प्रत्येक पत्त्यावर स्वतंत्र पत्र म्हणून पाठवते. आणि परत आलेली पत्रे, नाव कमी करण्याच्या विनंत्या, ‘हे स्पॅम आहे’ अशा तक्रारी या सगळ्यांचा हिशेब ठेवते. पहिली दोन कामे कोणालाही दिसतात. तिसरे दिसत नाही, पण पैसे मोजायचे ते मुख्यतः त्यासाठीच. साध्या जीमेल खात्यातून दिवसाला ५०० जणांपर्यंतच पत्र जाते, त्यामुळे ‘बीसीसी’च्या रकान्यात पत्ते कोंबण्याची पद्धत व्यवसाय जरा वाढला की अडते, आणि अडली नाही तरी ‘मला पाठवू नका’ असे कळवणाऱ्या ग्राहकाला पुढच्या वेळी वगळण्याची आठवण कोणी तरी डोक्यात ठेवावी लागते. ती राहत नाही.

हुबळी-धारवाडमध्ये अशी सेवा ज्यांच्या उपयोगी पडते ते व्यवसाय छोटे आणि हातावरचे आहेत: कसुतीचे भरतकाम करणारे गट, इरकल साड्या आणि गुळेदगुड्डचा खण विकणारी दुकाने, खादीचे कपडे शिवणारे, गाण्याचे क्लास, एखाद-दुसरी प्रकाशनसंस्था. त्यांचा ग्राहक एका भाषेचा नाही की एका गावचा नाही. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत धारवाड जिल्हा मुंबई राज्यात होता. सोयरिकी आणि व्यापार यांनी तो आजही बेळगाव, कोल्हापूर, सांगली, पुण्याशी बांधलेला आहे. गौरीसाठी खणाची साडी मागवणारी बाई पुण्यात असते, तिची बहीण न्यू जर्सीत असते, आणि दुकानाच्या गल्लीतला ग्राहक कन्नड बोलतो. अशा व्यवसायाला वार्तापत्राच्या सेवेबद्दल जो सल्ला मिळतो तो मात्र साचेबंद असतो. ईमेल हवाच कशाला, व्हॉट्सअॅप आहे की. हवाच असेल तर मोफत असेल तो घ्या. नाही तर सगळे जिथे आहेत तिथे जा. आणि घरात कोणी संगणकाचे शिकलेले असेल तर स्वतःचाच सर्व्हर उभा करा. या चारही सल्ल्यांत थोडे थोडे तथ्य आहे. पण चौघांचाही हिशेब सेवेत शिरण्यापाशी संपतो. सेवा बंद पडली, महाग झाली किंवा मालकाच्या मनातून उतरली, तर ग्राहकांच्या यादीसह बाहेर कसे पडायचे, हा प्रश्न त्यांतला एकही सल्ला विचारत नाही. निवड करायची ती याच प्रश्नावर, असे या लेखाचे म्हणणे आहे.

व्हॉट्सअॅपचा मुद्दा सर्वांत जोरकस, म्हणून तो आधी. धारवाडच्या लाइन बाजारातून पेढ्याचा डबा मागवायचा असेल तर कोणी ईमेल लिहीत बसत नाही. तयार माल, ओळखीचा ग्राहक, आजच्या आज पोहोच, असा व्यवहार असेल तर व्हॉट्सअॅपच योग्य आहे आणि त्यात वार्तापत्र घुसवणे हा उपद्व्याप ठरेल. पण याच उदाहरणावरून सगळ्या कलाव्यवसायांना व्हॉट्सअॅप पुरते असा निष्कर्ष काढला जातो, तो टिकत नाही. व्हॉट्सअॅपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणच बसतात, आणि त्यांतही ज्यांनी दुकानाचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवून ठेवला आहे त्यांनाच निरोप मिळतो. प्रदर्शनात एकदा भेटलेली, स्टॉलवर नंबर देऊन गेलेली बाई दुकानाचा नंबर साठवते असे क्वचितच घडते. भारतात सप्टेंबर २०२३ पासून आलेल्या ‘चॅनेल’ला संख्येची अडचण नाही, पण चॅनेल चालवणाऱ्याला अनुयायांचे नंबर दिसत नाहीत. म्हणजे हजार माणसे जमली तरी त्यांतल्या एकीचाही पत्ता दुकानदाराच्या हाती नाही. उद्या चॅनेल बंद झाले, की ती हजार माणसे होती हे सांगायलाही काही उरत नाही.

दुसरे असे, की कसुतीची साडी ही पेढ्यासारखी विकली जात नाही. गवंती आणि मुर्गी हे टाके कापडाच्या दोन्ही बाजूंना सारखेच दिसतात, गाठ दिसू द्यायची नाही असा दंडक असतो, धागे मोजून काम करावे लागते. एका साडीला इतका वेळ का लागतो आणि छापील नक्षीच्या नकलेपेक्षा ती इतकी महाग का, हे ग्राहकाला सावकाश सांगावे लागते. असे सांगणे सकाळच्या शुभेच्छाचित्रांच्या आणि कुटुंबाच्या गटांच्या रेट्यात वाहून जाते. ईमेल पेटीत पडून राहते, चार महिन्यांनी शोधले तर सापडते, दिवाळीच्या तोंडावर पुन्हा उघडले जाते. शिवाय ईमेल ही कोणा एका कंपनीची मालमत्ता नाही. सर्व्हर एकमेकांना पत्रे कशी देतात याचा नियम १९८२ साली ठरला आणि त्याच पायावर आजही कोणत्याही कंपनीचे खाते दुसऱ्या कोणत्याही कंपनीच्या खात्याला पत्र पाठवू शकते. ग्राहकाचा ईमेल पत्ता दुकानदाराकडे असेल तर मधला पोस्टमन बदलता येतो. व्हॉट्सअॅपमध्ये पोस्टमन एकच.

पत्त्यांच्या बळावर व्यवसाय उभा करणे धारवाडला नवे नाही. जी. बी. जोशी यांनी १९३३ मध्ये तिथे मनोहर ग्रंथमाला सुरू केली ती वर्गणीदारांच्या आधारावर. सुभाष रोडवरच्या लक्ष्मी भवनातली तिची माडीवरची जागा ‘अट्ट’ या नावाने कन्नड साहित्यजगताला माहीत आहे. कीर्तिनाथ कुर्तकोटींसारख्या समीक्षकांचा तिथे राबता होता आणि ‘ययाति’पासून गिरीश कार्नाडांची नाटके तिथूनच प्रसिद्ध झाली. नव्या, अपरिचित लेखकाचे पुस्तक काढण्याची हिंमत प्रकाशकाला येते ती घेणारे कोण आहेत हे आधीच ठाऊक असते म्हणून. मराठी मासिकांनीही हेच केले. वर्गणीदारांची वही ही संपादकाच्या खोलीतली सर्वांत मौल्यवान वस्तू होती. छापखाना बदलला, टपालाचे दर वाढले, कागद महागला, तरी वही मालकाकडेच राहिली. वही छापखान्याच्या कपाटात ठेवून यावी असे कोणत्याही संपादकाला सुचले नसते. आज मोफत सेवेच्या मोहात नेमके तेच सुचवले जाते.

मोफत सेवेचा इतिहास फार लांबचा नाही, आणि तो तपासून पाहण्यासारखा आहे. मेलचिंप ही अटलांटात २००१ मध्ये सुरू झालेली सेवा. तिच्या मोफत योजनेमुळेच ती जगभरच्या छोट्या व्यवसायांत पसरली. बराच काळ ही योजना २,००० संपर्कांपर्यंत फुकट होती. २०२१ मध्ये इन्ट्यूट या कंपनीने मेलचिंप सुमारे १२ अब्ज डॉलरना विकत घेतली आणि त्यानंतर ही मर्यादा ५०० वर आणली गेली. त्याआधीच, २०१९ मध्ये, संपर्क मोजण्याची पद्धत बदलली होती: ज्यांनी नाव कमी करून घेतले तेही मोजणीत धरले जाऊ लागले. ज्याला पत्र पाठवायचेच नाही त्याचेही भाडे, असा हा प्रकार. टाळायचा तर अशी नावे मालकाने स्वतः उचलून बासनात टाकावी लागतात. टायनीलेटर ही साधी, मोफत, लेखकांच्या आवडीची सेवा मेलचिंपने २०११ मध्ये घेतली आणि २९ फेब्रुवारी २०२४ रोजी बंद केली. रेव्ह्यू ही दुसरी सेवा ट्विटरने जानेवारी २०२१ मध्ये विकत घेतली आणि ट्विटरचाच मालक बदलल्यावर १८ जानेवारी २०२३ रोजी तिला टाळे लागले. यांपैकी कोणीही फसवणूक केली असे म्हणता येणार नाही. मोफत देणाऱ्याला मोफत देणे थांबवण्याचा हक्क असतो, एवढेच. पण ‘सध्या फुकट आहे ना, पुढचे पुढे’ असे सांगणाऱ्याने पुढे काय झाले हेही सांगायला हवे.

किंमत आकारण्याच्या पद्धती मुळात तीन आहेत, आणि कोणती पद्धत कोणाला परवडते हे मोफतच्या पाटीवरून कळत नाही. काही सेवा यादीतल्या संपर्कांवर पैसे घेतात, काही पाठवलेल्या पत्रांवर, काही वाचकांकडून येणाऱ्या वर्गणीत वाटा घेतात. समजा, एखाद्या खण-साडीच्या दुकानाकडे १,८०० पत्ते आहेत आणि महिन्याला दोन पत्रे जातात. हे झाले महिन्याचे ३,६०० ईमेल, म्हणजे फारच थोडे. संपर्कांवर आकारणी करणाऱ्या सेवेला मात्र हे १,८०० जणांचे खाते दिसते आणि वर्षातले चार महिने दुकानाने एकही पत्र पाठवले नाही तरी बिल तेच राहते. हातमागाच्या व्यवसायाला हंगाम असतो. श्रावण ते दिवाळी धावपळ आणि नंतर सामसूम. अशा व्यवसायाला पत्रांवर आकारणी करणारी सेवा सोयीची. पॅरिसची ब्रेव्हो, जिचे नाव २०२३ पर्यंत सेंडिनब्लू होते, या प्रकारची आहे. तिची मोफत योजना ऐकायला उदार वाटते, पण दिवसाला ३०० पत्रांची अट आहे. वरच्या दुकानाचे एक पत्र सगळ्यांना पोहोचायला सहा दिवस लागतील. ‘रविवारपर्यंतच सवलत’ असे लिहिलेले पत्र शेवटच्या ३०० जणांना सवलत संपल्यावर मिळावे यासारखी दुकानाची दुसरी फजिती नाही. इथे पैसे भरलेलेच बरे.

‘सगळे जिथे आहेत तिथे जा’ हा सल्ला सध्या बहुधा सबस्टॅकसाठी दिला जातो. २०१७ मध्ये सुरू झालेली ही सेवा लेखकांसाठी आहे. वाचकांकडून वर्गणी मिळाली तर तिच्यातला १० टक्के वाटा ती घेते, नाही तर काहीच घेत नाही. गाण्यावर किंवा पुस्तकांवर नियमित लिहिणाऱ्याला ती खरोखरच सोयीची आहे आणि यादी बाहेर काढू देते, हे तिच्या बाजूने नोंदवले पाहिजे. पण दोन गोष्टी सल्ला देणारे वगळतात. सबस्टॅकवरचे वर्गणीचे व्यवहार स्ट्राइप या पैसे स्वीकारून देणाऱ्या सेवेमार्फत होतात, आणि स्ट्राइपने मे २०२४ पासून भारतात नवी खाती केवळ निमंत्रणावर देण्याचे धोरण ठेवले. धारवाडच्या लेखकाला वर्गणी घ्यायची म्हटली तर पहिल्याच पायरीवर अडथळा. दुसरी गोष्ट अधिक खोलवरची आहे. सबस्टॅकवर ५० डॉलर भरून स्वतःचे डोमेन जोडता येते, पण ते संकेतस्थळापुरते. पत्र जाते ते सबस्टॅकच्याच पत्त्यावरून. वर्षानुवर्षे चांगली पत्रे पाठवून जी पत साचते ती सबस्टॅकच्या नावावर जमा होते. दुकान तिथून उठले की नव्या जागी त्याला कोणी ओळखत नाही. आणि मुळात साडी विकणाऱ्याला लेखक-वाचकांची जत्रा हवी आहे की मोजकी, विकत घेणारी माणसे, याचे उत्तर आधी ठरायला हवे.

पत म्हणजे काय, हे इथे थांबून पाहणे आवश्यक आहे, कारण निवडीतला सर्वांत दुर्लक्षित भाग हाच. जीमेलसारखी पेटी येणारे पत्र आत घ्यायचे, जाहिरातींच्या कप्प्यात टाकायचे की स्पॅममध्ये, हे बरेचसे पाठवणाऱ्याच्या डोमेनवरून ठरवते. पत्र खरोखर त्याच डोमेनच्या परवानगीने आले आहे हे तपासण्यासाठी तीन नोंदी असतात. कोणते सर्व्हर या नावाने पत्रे पाठवू शकतात हे एसपीएफ सांगते. पत्रावरची अंकीय सही डीकेआयएम पुरवते. आणि दोन्ही जुळले नाहीत तर काय करावे हे डीएमएआरसी ठरवते. गुगलने फेब्रुवारी २०२४ पासून नियम कडक केले. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० हून अधिक पत्रे पाठवणाऱ्यांना या तिन्ही नोंदी आणि एका टिचकीत नाव कमी करण्याची सोय सक्तीची झाली. तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवणेही आले. याहूने तसेच नियम त्याच सुमारास आणले.

यावर छोट्या व्यवसायांचा युक्तिवाद ठरलेला: आपण कुठे ५,००० पाठवतो? आकडा खरा, निष्कर्ष चुकीचा. एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक तरी सर्वांनाच लागते. शिवाय त्याच नियमांत असेही आहे, की जीमेलचा पत्ता प्रेषक म्हणून दाखवून दुसऱ्याच सर्व्हरवरून आलेली पत्रे संशयित धरली जातील. दुकानाच्या नावापुढे जीमेल डॉट कॉम लावून तोच पत्ता वार्तापत्राच्या सेवेत भरणारे व्यवसाय हुबळीतच काय, सगळीकडेच आहेत, आणि त्यांची पत्रे कुठे जातात याचा त्यांना पत्ताही नसतो. एक हजार जणांच्या यादीत तीनच तक्रारी झाल्या तरी ०.३ टक्के पूर्ण होतात, हेही लक्षात घ्यावे. छोट्या यादीला चूक महाग पडते.

तेव्हा पहिला खर्च सेवेवर करायचा नाही, डोमेनवर करायचा. वर्षाला हजार रुपयांच्या आतबाहेर हा मामला असतो आणि एवढ्यात दुकानाचे स्वतःचे नाव, स्वतःचा पत्ता आणि स्वतःची पत हाती येते. सेवा बदलली की डोमेनच्या नोंदीत चार ओळी बदलायच्या. ग्राहकाच्या पेटीत प्रेषकाचे नाव तेच राहते. एक गोष्ट मात्र काटेकोरपणे पाहावी. वेबसाइट करून देणारा अनेकदा डोमेन स्वतःच्याच नावावर आणि स्वतःच्याच ईमेलवर नोंदवतो. वाईट हेतू नसतो, तेवढे सोपे पडते म्हणून. तो गाव सोडून बंगळूरला गेला, फोन बदलला, की दुकानाला स्वतःच्या नावासाठी कोणाकोणाच्या विनवण्या कराव्या लागतात. डोमेन मालकाच्या नावावर आणि मालकाच्या ईमेलवरच हवे.

चौथा सल्ला, स्वतःच्या सर्व्हरचा, या शहरांत आवर्जून मिळतो. अभियांत्रिकी महाविद्यालयांचे हे गाव; २०१६ पासून धारवाडला आयआयटीही आहे. आणि या सल्ल्याला कर्नाटकातलेच भक्कम उदाहरण आहे. बंगळूरच्या झेरोधा कंपनीचे तंत्रप्रमुख कैलाश नाध यांनी लिहिलेले ‘लिस्टमंक’ हे वार्तापत्रांचे सॉफ्टवेअर २०१९ मध्ये खुले झाले. ते पूर्ण मोफत आहे, त्याचा कोड कोणालाही वाचता-बदलता येतो, लाखो पत्त्यांच्या याद्या ते हाताळते आणि यादी कायम मालकाच्याच यंत्रावर राहते. बाहेर पडण्याचा प्रश्नच उरत नाही, कारण आत जाणेच नाही. त्याला अॅमेझॉनची एसईएस ही टपालसेवा जोडली तर हजार पत्रांना १० सेंट पडतात; वरच्या दुकानाचा महिन्याचा खर्च तीस-पस्तीस रुपये. कागदावर याच्याशी कोणतीच सेवा स्पर्धा करू शकत नाही.

कागदाबाहेर अडचणी सुरू होतात. लिस्टमंक पत्रे तयार करते. ती पोहोचवण्याची जबाबदारी जोडलेल्या टपालसेवेची आणि शेवटी मालकाची. एसईएसचे नवे खाते सुरुवातीला चाचणीच्या कक्षेत असते: चोवीस तासांत २०० पत्रे, तीही आधी पडताळलेल्या पत्त्यांवरच. बाहेर पडायला आपण काय पाठवतो, यादी कशी जमवली, परत आलेल्या पत्रांचे काय करतो, हे लिहून परवानगी घ्यावी लागते. मग सर्व्हरचे भाडे, त्याची देखभाल, माहितीच्या प्रती काढून ठेवणे, सुरक्षेच्या दुरुस्त्या. भाचा हे सगळे एका शनिवारी उत्साहाने करून देतो. पुढच्या वर्षी तो पुण्यात नोकरीला असतो आणि दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात सर्व्हरची डिस्क भरते. पगारी किंवा भागीदार म्हणून तांत्रिक माणूस व्यवसायात असेल तर लिस्टमंक हीच सर्वांत उत्तम निवड आहे, यात शंका नाही. नसेल तर वाचलेले पैसे भाच्याच्या सवडीवर गहाण पडतात.

देशी सेवा घ्यावी हा आणखी एक आग्रह ऐकू येतो, आणि तो स्वदेशीच्या भाषेत मांडला जातो. त्यामागचे खरे कारण व्यवहाराचे आहे आणि ते अधिक पटणारे आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून दर महिन्याला आपोआप होणाऱ्या वजावटींना आधी नोंदवलेली संमती आणि प्रत्येक वेळी पूर्वसूचना लागते. ओटीपीशिवायच्या वजावटीची मर्यादा आधी ५,००० रुपये होती, ती जून २०२२ मध्ये १५,००० झाली. ही व्यवस्था न जोडलेल्या परदेशी सेवांचे मासिक बिल भारतीय कार्डावर अडकते. बिल अडकले की खाते थांबते, आणि ते थांबल्याची सूचना येते ती बहुधा कोणी न पाहणाऱ्या पेटीत. त्यात डॉलरचा चढउतार आणि १८ टक्के जीएसटी. चेन्नईच्या झोहो कंपनीची ‘कॅम्पेन्स’ ही सेवा रुपयांत बिल देते, आणि जीएसटी नोंदणी असलेल्या व्यवसायाला त्या बिलावर करवजावट सरळ मिळते. तिची मांडणी जरा कार्यालयी थाटाची आहे, नुसते गोष्टी सांगणारे पत्र लिहायला बसलेल्या माणसाला ती किचकट वाटते, पण वर्षभर बिल न अडकता चालणे हा गुण रंगीत नमुन्यांपेक्षा मोठा आहे. परदेशीच सेवा हवी असेल तर वर्षाचे पैसे एकदम भरावेत. बारा वेळा अडकण्यापेक्षा एकदा ओटीपी टाकणे सोपे.

भाषेचा भाग सेवांच्या तुलनेत जवळजवळ कधीच नसतो, कारण त्या तुलना इंग्रजीत लिहिणाऱ्यांनी इंग्रजीसाठी केलेल्या असतात. हुबळी-धारवाडच्या व्यवसायाला कन्नड, मराठी आणि इंग्रजी अशी तीन पत्रे लागू शकतात. एकाच पत्रात तिन्ही भाषा एकाखाली एक रचणे हा सोपा आणि वाईट मार्ग. प्रत्येक पत्त्यासोबत भाषेची खूण ठेवता येणे आणि त्या खुणेनुसार पत्र पाठवता येणे ही सोय मोफत योजनेत आहे की नाही, हे ५०० की २,००० या आकड्याइतकेच महत्त्वाचे आहे. पत्राच्या तळाशी ‘नाव कमी करा’ची ओळ मराठीत किंवा कन्नडमध्ये लिहिता येते का, हेही पाहावे. ज्या आजींना इंग्रजी वाचता येत नाही त्या नाव कमी करण्याऐवजी स्पॅमचे बटण दाबतात, आणि ०.३ टक्क्यांचा हिशेब बिघडतो.

मजकूर युनिकोडमध्येच हवा. श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टात किंवा कन्नडच्या नुडीच्या जुन्या पद्धतीत टंकलेला मजकूर छापखान्यात चालतो. ईमेलमध्ये चिकटवला की अक्षरांच्या जागी चिन्हांचा कचरा उमटतो. त्यावर उपाय म्हणून सगळा मजकूर चित्र करून पाठवण्याची सवय लागली आहे. लग्नपत्रिकेला ते ठीक. वार्तापत्रात असे चित्र शोधात सापडत नाही, मंद जाळ्यावर उघडत नाही आणि स्पॅमच्या चाळणीला संशयास्पद वाटते. देवनागरीचे आणखी एक गणित आहे. इंग्रजी अक्षर एका बाइटात बसते, देवनागरी वा कन्नड अक्षरचिन्हाला युनिकोडच्या रूढ पद्धतीत तीन बाइट लागतात. काना, मात्रा, अनुस्वार ही प्रत्येकी वेगळी चिन्हे. जीमेल साधारण १०२ केबीपुढचे पत्र कापते आणि ‘पूर्ण संदेश पाहा’ अशी ओळ दाखवते. नटव्या साच्यांतली मांडणीची खूणभाषा त्यातला मोठा हिस्सा आधीच खाते. म्हणून मराठी-कन्नड पत्राला साधा, कमी सजावटीचा साचा घ्यावा. नाव कमी करण्याचा दुवा पत्राच्या तळाशी असतो, आणि कापले जाते तेही तळच. बटणडाउनसारख्या साध्या सेवांची ताकद इथे दिसते. त्यांच्या पत्रात मजकूर सोडून फारसे काही नसते.

यशाच्या मोजमापावर सेवा एकमेकींशी स्पर्धा करतात, त्याबद्दल थोडक्यात पुरे. किती जणांनी पत्र उघडले हा आकडा पत्रातल्या अदृश्य चित्रावरून मिळतो. अॅपलने सप्टेंबर २०२१ पासून अशी चित्रे स्वतःच आधी उतरवून घेण्याची सोय दिली, त्यामुळे न उघडलेली पत्रेही उघडल्यासारखी दिसू लागली. या आकड्याच्या रंगीत आलेखासाठी वरची योजना घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे. पत्रानंतर किती मागण्या आल्या, किती जणांनी उत्तर लिहिले, हे वहीतसुद्धा मोजता येते.

कायद्याकडे मात्र दुर्लक्ष चालणार नाही. वैयक्तिक अंकीय माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी दीड वर्षाची मुदत देण्यात आली. संमती मोकळेपणाने, विशिष्ट कारणासाठी आणि माहिती देऊन घेतलेली हवी. ती मागे घेणे ती देण्याइतकेच सोपे हवे. आणि संमतीची विनंती इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय ग्राहकाला हवा. कन्नड आणि मराठी दोन्ही त्या २२ भाषांत आहेत. प्रदर्शनात ठेवलेल्या अभिप्रायाच्या वहीतले पत्ते उचलून यादीत भरण्याची पद्धत सर्रास आहे, आणि ‘त्यांनीच तर लिहून दिले’ असे तिचे समर्थन केले जाते. लिहून दिला तो अभिप्राय. वार्तापत्राची संमती नव्हे. त्याच पानावर वेगळा रकाना, ‘नव्या मालाची माहिती ईमेलने पाठवावी’ अशी ओळ आणि पुढे सहीला जागा, एवढे केले तरी प्रश्न बराचसा मिटतो. सेवेकडून अपेक्षा अशी, की संमती कधी आणि कुठून मिळाली याची तारीख प्रत्येक पत्त्यासोबत साठवता यावी.

निवड अशी करता येईल. रुपयांत बिल हवे, जीएसटी नोंदणी आहे, माल विकायचा आहे, अशा दुकानाने झोहोसारखी देशी सेवा घ्यावी. यादी मोठी पण पत्रे थोडी आणि हंगामी असतील तर पत्रांवर आकारणी करणारी, पैसे भरून. केवळ लेखन पाठवायचे असेल तर सबस्टॅक किंवा बटणडाउन, त्यांच्या मर्यादा जाणून. तांत्रिक माणूस घरचा आणि टिकणारा असेल तर लिस्टमंक. या सर्वांआधी डोमेन. आणि कोणतीही सेवा नक्की करण्यापूर्वी तिची एक परीक्षा घ्यावी, जी एका तासात होते. मित्र-नातेवाइकांचे दहा पत्ते भरावेत, काहींना मराठीची आणि काहींना कन्नडची खूण द्यावी, दोघांना नाव कमी करायला सांगावे, आणि मग पूर्ण यादी फाइल म्हणून बाहेर काढावी. फाइलमध्ये नुसते पत्ते आले तर ती सेवा नापास. भाषेची खूण, संमतीची तारीख आणि नाव कमी केल्याची नोंद हे तिन्ही रकाने त्या फाइलमध्ये यायला हवेत. ही फाइल दर महिन्याला काढून स्वतःच्या संगणकावर ठेवावी. आणि सेवा बदलण्याची वेळ आली तर नव्या ठिकाणी सर्वप्रथम चढवायची ती नाव कमी केलेल्यांची यादी, ग्राहकांची त्यानंतर.